बारा डबे आणि एक श्री

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सिल्वासाजवळ गलोंड्याच्या धाग्याच्या कारखान्यात बारा मशीनांची बटणं एकामागून एक दाबली गेली आणि बारापैकी एकही मशीन सुरू झालं नाही. प्रत्येक मशीनच्या डोक्याशी जेवणाच्या डब्याएवढा एक कंट्रोलचा डबा होता आणि त्या डब्याला तळहाताएवढा पडदा. बाराही पडद्यांवर एकच ओळ उमटली होती, 'डिस्क तपासत आहे', आणि तिच्या शेवटी एक बारीक रेघ उघडझाप करत होती. झेंडूच्या माळा मात्र सगळ्या मशीनांवर अगदी ताज्या होत्या.

"ललित," एक नंबरच्या मशीनवरून त्याच्या बापाने, चिंधाने, हाक मारली, "हे काय तपासी राहिलं रे?"

"दोन मिनिटं, आबा. डिस्क तपासतंय. होईल."

वीस मिनिटं झाली. रेघ उघडझाप करतच होती. ललितने बटण पुन्हा दाबून पाहिलं, कारण हे डबे त्याचे होते. म्हणजे कारखान्याचेच, पण बिघडले की त्याचे.

ललित तीन वर्षं याच कारखान्यात पॅकिंगमध्ये खोक्यांना पट्टी मारत होता. पट्टी मारता मारता त्याने संध्याकाळच्या वर्गाला जाऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. मशीनांचे जुने कंपनीचे डबे वरचेवर बिघडायचे आणि त्यांचे भाग मिळेनासे झाले होते. तेव्हा ललितने मॅनेजर जयंतीभाईंना गळ घातली, की मी स्वस्तातले डबे जुळवून देतो आणि त्यात फुकट मिळणारी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम घालतो. ही सिस्टिम जगभरातले आठदहा हौशी लोक आपापली नोकरी सांभाळून लिहितात. ललितनेही मार्च महिन्यात तिच्यासाठी थोडा कोड लिहून पाठवला होता आणि तो स्वीकारल्याची मेल आली होती. त्याच्या आईने, बायडाबाईने, ती मेल छापून, तिला प्लॅस्टिकचं कव्हर करून सप्तशृंगीच्या फोटोशेजारी टांगली. मेल इंग्रजीत असल्यामुळे सिल्वासाच्या त्या चाळीत ती कोणी वाचली नव्हती, पण ती पाहिल्याशिवाय चहाही कोणाला मिळाला नव्हता.

जयंतीभाईंनी ललितला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. डबे नीट चालले तर कॉम्प्युटरच्या कामावर कायम, नाहीतर परत पॅकिंग. त्यांचा ललितवर पुरता विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही होतं. पॅकिंगमध्ये असताना ललितने एकदा एका रिकाम्याच खोक्याला नीट पट्टी मारून ते सुरतेला पाठवलं होतं. म्हणून डब्यांच्या वेळी चिंधा मध्ये पडला. बावीस वर्षं एका मशीनवर काढलेला माणूस, पुढे येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरगं माझं आहे, जयंतीभाई. बिघडलं तर मला बोला." तेव्हापासून त्या बारा डब्यांत ललितचं डोकं आणि चिंधाचा शब्द असं दोन्ही अडकलेलं होतं.

डबे चार महिने बिनतक्रार चालले. कारखान्यात तीन पाळ्या, मशीन कधी बंद व्हायचंच नाही. वर्षातून एक दिवस सगळं बंद करून पूजा व्हायची, तो दसऱ्याचा. आणि तिथे काल एक पेच आला होता. पूर्वी प्रत्येक मशीनची एक वही असायची आणि तिच्या पहिल्या पानावर चिंधा दसऱ्याला श्री लिहायचा. वह्या गेल्या, सगळं डब्यात गेलं. चिंधा कुंकवात बुडवलेलं बोट घेऊन काचेच्या पडद्यासमोर उभा राहिला.

"आबा, काचेवर नको," ललित घाईने म्हणाला होता. "मी आतमध्ये लिहितो."

"आत लिहिता येतं?"

"पहिली फाईलच त्या नावाची करतो."

"चपला काढ आधी."

ललितने चपला काढल्या, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि एका फटक्यात बाराही डब्यांत 'श्री' नावाची फाईल तयार केली. "आत काय लिहिलं?" चिंधाने विचारलं. "काही नाही. नुसतं नाव. आत रिकामी आहे." "रिकामीच बरी," चिंधा समाधानाने म्हणाला, "वर्षभरात भरेल." मग डबे बंद झाले, माळा चढल्या, नारळ फुटले, पेढे वाटले गेले, आणि मंडळी पोराबाळांना घेऊन वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेली.

आता तीच मंडळी ललितभोवती कोंडाळं करून उभी होती. सिंह केव्हा उठतो ते बघायला काल जाळीपाशी उभी होती, तशीच.

"मला माहीत आहे काय झालं ते," वाल्मिक म्हणाला. वाल्मिक कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. कोणत्याही बिघाडाचं कारण त्याला बिघाड होण्याच्या आधीपासून माहीत असायचं. "नारळाचं पाणी आत गेलं. सात नंबरच्या डब्यावर मी स्वतः ओल पाहिली."

"सात नंबरवर असेल, वाल्मिकभाऊ. पण बाराही डब्यांत कसं जाईल?"

"बारा नारळ होते ना?"

तेवढ्यात जयंतीभाईंचा निरोप आला आणि ललित केबिनमध्ये गेला. जयंतीभाई वीस वर्षं मराठी माणसांत वावरलेले. त्यांची वाक्यं सुरू मराठीत व्हायची, पण राग आला की गुजरातीत संपायची. आज ती सुरूच गुजरातीत झाली.

"शुं थयु, ललितभाई? परवा ट्रक येणार छे. सुरतवाला थांबणार नथी."

"मी शोधतोय, जयंतीभाई. डबे सुरू होताना डिस्क तपासतात, तिथेच अडकतायत."

"शोधायला वेळ नथी. जुने डबे लावून टाका. वाल्मिकला बोलवा."

वाल्मिक आला. जुने डबे म्हटल्यावर त्याने कान खाजवला. "दसऱ्याच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिले," तो म्हणाला. "तुम्हीच बोलले होते, स्टोअर मोकळं करा म्हणून. त्याच्या बदल्यात त्याने शिडी दिली."

"शिडी?"

"ॲल्युमिनियमची. शिडी चांगली आहे."

जयंतीभाईंनी वाल्मिकला हातानेच बाहेर पाठवलं. मग ललितला म्हणाले, "संध्याकाळी सहापर्यंत चालू झालं तर ठीक. नाहीतर उद्या तू पॅकिंगमध्ये, अने चिंधाभाईंशी मी बोलेन." पहिल्या गोष्टीचं ललितला भय वाटलं, पण दुसरीचं त्याहून जास्त. आबांना या कारखान्यात आजवर कधी कोणी बोललं नव्हतं.

तो खाली आला तर मशीनांच्या डोक्याशी नुसत्या वायरी लोंबत होत्या. डबे एकाही जागेवर नव्हते.

"डबे कुठे गेले?"

"तांदळात," वाल्मिक शांतपणे म्हणाला.

"तांदळात?"

"माझा फोन विहिरीत पडला होता. दोन दिवस तांदळात ठेवला, अजून चालतो. कँटीनच्या कोठीत सगळे डबे पुरून ठेवलेत. आतली कार्डंसुद्धा काढून वेगळी घातली, म्हणजे ओल नीट ओढली जाईल."

ही कार्डं म्हणजे मशीनचा नंबर लिहिलेली नखाएवढी मेमरी कार्डं. सगळी सिस्टिम आणि मशीनचा सगळा हिशेब त्यांच्यात. ललितने डोक्याला हात लावला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं त्याला वाटलं, पण मारुतीला निदान सापडायला शेपूट तरी असतं. तांदळात पडलेल्या नखाएवढ्या बारा कार्डांना काय होतं?

तेव्हा त्याला आठवलं की त्याच्या टेबलाच्या खणात एक जादा डबा आहे. तेरावा. अडीअडचणीला म्हणून ठेवलेला. त्याने तो काढला, वायर लावली, बटण दाबलं. अकरा सेकंदांत पडदा हिरवा झाला आणि 'तयार' असा शब्द उमटला. कोंडाळ्यातून टाळ्या पडल्या. जयंतीभाईही जिन्यातून खाली आले.

"बघा, हा कोरडा होता," वाल्मिक म्हणाला.

आणि मागून कोणीतरी हलक्या आवाजात बोललं, "याची पूजा झाली नव्हती."

टाळ्या थांबल्या. सगळे चिंधाकडे बघायला लागले, आणि मग बघत नसल्यासारखं करायला लागले. पूजा चिंधाने केली होती, दरवर्षी तोच करायचा. त्याचा चेहराच उतरला. ललितला फार वाईट वाटलं. पूजेचा आणि बिघाडाचा काही संबंध नाही असं तो सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात चिंधाच पुढे झाला.

"मग याची पण पूजा करा," तो म्हणाला. "आत्ता. माझ्या पूजेनं बिघडत असेल तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बिघडू दे."

"अरे, एकच चालू छे, तो पण कशाला बंद करता!" जयंतीभाई ओरडले.

"थांबा, जयंतीभाई," ललित म्हणाला. त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला होता. बिघाड शोधायचा तर सगळ्या गोष्टी एकदम करायच्या नसतात. एकेक करायची आणि दरवेळी बघायचं, चालतंय की अडकतंय. आबांची पूजाही एकेक पायरीनेच होते. "आबा बरोबर बोलतायत. पण एकेक करू. आधी हळदकुंकू."

चिंधाने हात धुतले. डब्याला हळदकुंकू लागलं. ललितने डबा बंद करून चालू केला. अकरा सेकंद, हिरवा पडदा.

"फूल."

फूल वाहिलं. बंद, चालू. हिरवा.

"नारळ."

नारळ लांब धरून फोडला, वाल्मिकने हट्टाने चार थेंब डब्यावर शिंपडलेच. बंद, चालू. हिरवा.

"ओला आहे तरी चालू आहे," केसरबाई कँटीनच्या दारातून म्हणाल्या. त्या कँटीनचा स्वयंपाक बघायच्या, आणि सकाळपासून त्यांच्या कोठीत डबे पुरल्यामुळे त्यांना वाल्मिकवर चिडायला कारण हवंच होतं. वाल्मिकने ते ऐकलं नाही. चिंधाचा चेहरा उजळला. तो सगळ्यांकडे वळून म्हणाला, "बघून घ्या. पूजेत काही खोट नाही. झाली पूजा."

"आबा," ललित म्हणाला, "एक राहिलं. श्री."

चिंधाने मान हलवली. ललितने चपला काढल्या, लॅपटॉप जोडला, 'श्री' नावाची रिकामी फाईल केली. बंद. चालू.

'डिस्क तपासत आहे.' रेघ उघडझाप करू लागली. अकरा सेकंद गेले, अकराचे तीस झाले, तिसाचे साठ. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसा तेरावाही हातचा गेला. चिंधाने हळूच खांद्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं.

"सापडलं!" ललित ओरडला आणि त्याने टेबलावर हात आपटला. मग सगळ्यांचे चेहरे पाहून त्याला कळलं की या कारखान्यात आपण एकटेच आनंदात आहोत.

त्याने तेराव्या डब्याचं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि डिस्क तपासणारा कोड उघडला. हा कोड डब्यातली एकेक फाईल घ्यायचा आणि तिचे तुकडे मोजायचा. नेमका कुठे अडकतो हे कळावं म्हणून ललितने मधे एक ओळ घातली, की दर वेळी किती तुकडे उरले ते पडद्यावर सांग. कार्ड परत डब्यात घातलं आणि बटण दाबलं. पडदा बोलू लागला.

'फाईल: श्री. उरले: उणे एक. उरले: उणे दोन. उरले: उणे तीन.'

आकडे सरसर खाली पळायला लागले. ललित डोळे बारीक करून बघत राहिला. त्याच्या खांद्यावरून चिंधाही बघत होता. मशीनवर रिळं चढवण्यात आणि उतरवण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याला आकडे वाचायला चष्मा लागत नसे.

"उणे कसं येतं रे?" चिंधा म्हणाला. "पेटीत रिळं असतील तर काढली की कमी होतात, आणि शून्य झाली की थांबायचं. हा तर शून्याच्या खाली जाई राहिला."

"शून्य झालं की थांब असंच लिहिलंय, आबा."

"मग शून्य पाहिलं नसेल त्यानं. पेटी आधीपासून रिकामी होती ना? यानं न बघताच आत हात घातला, हवेतलं एक रिळ उचललं, आणि मग मोजायला बसला. आता कधी येणार शून्य?"

ललितने वळून बापाकडे पाहिलं. मग कोडकडे पाहिलं. आधी एक तुकडा उचल, एक कमी कर, मग शून्य झालं का ते बघ. भरलेल्या फाईलला चालेल. रिकाम्या फाईलला पहिल्याच फटक्यात शून्य ओलांडलं जाईल आणि मग मोजणी खालीच जात राहील. चार महिने डब्यांत एकही रिकामी फाईल नव्हती. काल पहिली आली, ती पूजेची.

"थांबेल का कधी?" जयंतीभाईंनी विचारलं.

ललितने मनातल्या मनात हिशेब केला. "आकडा खाली जाऊन जाऊन मीटरच्या आकड्यांसारखा गोल फिरून शून्यावर येईल, पण त्याला पाच लाखांवर वर्षं लागतील."

"ट्रक परवा छे," जयंतीभाई म्हणाले.

"कुठल्या शहाण्याने लिहिलंय हे!" ललितचा संयम सुटला. "एवढी साधी गोष्ट. पेटी रिकामी आहे का, आधी बघायचं नाही? काय पेंगत लिहितात का हे लोक?" या सिस्टिमची प्रत्येक ओळ कोणी आणि केव्हा लिहिली याची नोंद असते. त्याने ती उघडली. महिना मार्चचा होता. आणि नाव होतं ललितचं.

बायडाबाईने कव्हर करून सप्तशृंगीशेजारी टांगलेली मेल याच ओळींची होती.

ललितचा चेहरा पाहून चिंधाने विचारलं, "काय, सापडला का तो?"

"सापडला," ललित म्हणाला, आणि लॅपटॉप थोडा आपल्याकडे वळवून घेतला.

"आता काय करणार?" जयंतीभाईंनी घड्याळ पाहिलं. साडेबारा झाले होते.

"सोपं आहे. बाराही कार्डांतली ती श्री नावाची फाईल पुसून टाकली की डबे आत्ता चालू होतील. पाच मिनिटांचं काम."

हे बोलून झाल्यावर ललितला जाणवलं की आपण काय बोललो. चिंधाने रुमाल हातात घेतला. तो नुसता रुमालाची घडी घालत राहिला, आणि ती घडी पुरी होईना. कोंडाळ्यातली माणसं पायांकडे बघायला लागली. शेवटी केसरबाई म्हणाल्या, "लिहिलेलं श्री पुसायचं? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी?"

ललितने आशेने जयंतीभाईंकडे पाहिलं. ट्रक त्यांचा, सुरतवाला त्यांचा, घड्याळही त्यांच्याच हातात. जयंतीभाईंनी घसा खाकरला. दिवाळीला ते स्वतः हिशेबाच्या नव्या चोपड्यावर पहिल्यांदा श्री घालत, आणि ते घालून होईपर्यंत घरात कोणाला शिंकायचीही परवानगी नसे.

"ना, ना," ते हळूच म्हणाले. "श्री तो ना भूंसाय. दुसरं काही कर."

"मग वेळ लागेल."

"लागू दे. सहा वाजेपर्यंत आहे."

ललितलाही मनातून तेच हवं होतं. श्री पुसली असती तर खोट तशीच राहिली असती आणि उद्या दुसरी एखादी रिकामी फाईल आली की परत बारा डबे आडवे. चूक श्रीची नव्हतीच. त्याने कोडात एकच ओळ घातली: मोजायच्या आधी बघ, रिकामी असेल तर पुढे जा. चिंधाने सांगितली तशीच, फक्त कॉम्प्युटरच्या भाषेत. तेराव्या डब्यात ती घालून बटण दाबलं आणि अकरा सेकंदांत पडदा हिरवा झाला. आत श्री जागच्या जागी होती. चिंधाने डब्याला हात जोडले, आणि मग कोणी बघत नाही असं पाहून ललितच्या पाठीवर थाप मारली.

आता ही ओळ बाराही कार्डांत घालायची होती आणि कार्डं तांदळात होती.

केसरबाईंनी कँटीनच्या ओट्यावर सुपं मांडली. निम्मी पाळी तांदूळ निवडायला बसली. सुपात तांदूळ घ्यायचे, पाखडायचे, काळं दिसलं की उचलायचं. "एरवी खडे निघतात," केसरबाई वाल्मिककडे बघत म्हणाल्या, "यंदा अक्कल निघतेय." डबे पटकन मिळाले. कार्डं एक, दोन, पाच, नऊ, अकरा. बारावं काही मिळेना. कोठी उलटी केली, झाडलोट केली. बारावं नव्हतं.

"मावशी, सकाळी यातून तांदूळ काढले होते का?" ललितने विचारलं.

"खिचडीला काढले ना. डबे पुरलेत हे मला नंतर कळलं."

सगळ्यांनी एकदम चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिलं. पातेलं रिकामं होतं, कारण वाढणं सुरू झालं होतं. 'आज सगळ्यांसोबतच जमीशुं' म्हणत जयंतीभाई आज पहिल्यांदाच जेवायला कँटीनच्या बाकावर बसले होते. त्यांनी पहिला घास घेतला, चावला, थांबले, आणि दोन बोटांनी दातांतून एक काळी चौकोनी कपची बाहेर काढली.

"हे शुं छे?"

"चार नंबरचं मशीन," ललित म्हणाला.

त्याने ती कपची धुतली, पुसली, उन्हात धरली आणि देवाचं नाव घेऊन लॅपटॉपला लावली. चालली. वाल्मिकने छाती पुढे काढली. "तांदळाचा गुण," तो म्हणाला. "शिजल्यावर तर जास्तच येतो." या मतावर तो आजही ठाम आहे.

साडेचार वाजता बारा डबे आपापल्या जागी बसले. चिंधाने एक नंबरचं बटण दाबलं. अकरा सेकंदांनी पडदा हिरवा झाला आणि मशीन घुर्र करून फिरू लागलं. मग दोन, मग तीन, चार नंबरपाशी सगळे श्वास रोखून उभे राहिले, तेही फिरलं, आणि बाराव्याच्या वेळी तर कोणी मोजतही नव्हतं, जो तो आपल्या मशीनकडे धावला होता. ट्रकची काळजी मिटली. चिंधाचा शब्द राहिला.

जयंतीभाईंनी ललितला केबिनमध्ये बोलावलं. चिंधालाही.

"ती परदेशी सिस्टिम खराब होती, असंच ना?" जयंतीभाई म्हणाले.

'हो' म्हणणं फार सोपं होतं. जगात कोणालाही खरं कळलं नसतं. पण शेजारी आबा उभे होते, आणि आबा सबंध दिवस आपल्या पूजेची खोट आपल्याच डोळ्यांनी तपासत उभे होते. ललितने मान खाली घातली.

"नाही, जयंतीभाई. ती ओळ मीच लिहिलेली. मार्चमध्ये. घरी जी मेल टांगलीय ना, आबा, ती त्याचीच आहे."

चिंधाने आ वासला. जयंतीभाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"म्हणजे रिकामं आहे की भरलेलं, न बघता तू पुढे गेला?"

"हो."

"सुरतेच्या खोक्यासारखं?"

ललितला हे तोपर्यंत सुचलंच नव्हतं. "हो," तो म्हणाला. "अगदी तसंच."

जयंतीभाई हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, चिंधाने पाणी दिलं. "आता तुला पॅकिंगमध्ये परत कोण घेणार?" ते डोळे पुसत म्हणाले. "तू वरच रहा. दिवाळीची वाट कशाला बघायची? कॉम्प्युटरमध्ये निदान आपली चूक आपणच शोधतोस. खोकं तर सुरतवाल्याने शोधलं होतं."

घरी आल्यावर ललितने दुरुस्तीची ती ओळ सिस्टिमवाल्यांना पाठवून दिली. खाली लिहिलं की चूक माझीच होती, दुरुस्ती वडिलांनी सुचवली, आणि काय झालं तेही थोडक्यात कळवलं. बायडाबाईला सगळं समजल्यावर तिने टांगलेल्या मेलकडे पाहिलं. "मग ही काढू का?" तिने विचारलं. "राहू दे," चिंधा म्हणाला, "तिच्यामुळेच तर कळलं."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात उत्तर आलं. सिस्टिमची देखरेख करणारा हेन्रिक नावाचा माणूस फार उत्तरेच्या कुठल्या थंड देशात राहायचा. ललितने मेल मोठ्याने, मराठीत करून वाचली. दुरुस्ती स्वीकारली. शिवाय पुन्हा ही चूक कोणाच्या हातून होऊ नये म्हणून आम्ही एक नवी चाचणी कायमची घातली आहे. यापुढे या सिस्टिमचा कोड कोणीही बदलला की आधी एक कोरी डिस्क घेतली जाईल, तिच्यात सगळ्यांत पहिली फाईल 'श्री' या नावाची, रिकामी, ठेवली जाईल, आणि ती ठेवून यंत्र सुरू झालं तरच पुढचं काम होईल. नाव आम्हाला उच्चारता येत नाही, पण तुमच्या वडिलांच्या मानासाठी तेच ठेवलं आहे.

चिंधाच्या हातातला चहा निवला. बायडाबाईने कव्हर किती रुंद लागेल ते वितीने मोजायला सुरुवात केली होती.

"म्हणजे," शेवटी चिंधा म्हणाला, "तिकडे पण कामाच्या आधी श्री लिहिणार?"

"हो, आबा. सगळीकडे. दिवसातून पन्नास वेळा."

चिंधाचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत. मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो सावरून बसला.

"त्यांना लिही, आबांनी आशीर्वाद सांगितलाय. आणि लिही, चपला काढून लिहायचं असतं."

ललितने तेही लिहिलं. हेन्रिकचं उत्तर पाच मिनिटांत आलं. कळवल्याबद्दल आभार, सगळ्यांना सांगतो, पण आमच्याकडे आज बाहेर बर्फ पडलं आहे आणि फरशी फार गार आहे. मोजे चालतील का?

चिंधाने डोळे मिटून नीट विचार केला.

"धुतलेले असतील तर चालतील म्हणावं."